'ग्रॉस' म्हणजे नेमकं काय?

बकरीदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तरखानावर पाये होते. अम्मीने रात्रभर मंद आचेवर ठेवलेले. आमच्या सातवीतल्या पोराने वाटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "ईऽऽ, ग्रॉस!" अम्मीला इंग्रजी येत नाही. पण वाकडं केलेलं तोंड कळायला इंग्रजी कशाला लागतं? तिने वाटी मागे ओढून घेतली. काही बोलली नाही.

नंतर मी त्याला विचारलं, ग्रॉस म्हणजे काय रे? म्हणाला, "घाण. यूट्यूबवर सगळे म्हणतात." आणि लगेच उलटा प्रश्न, "अब्बा, मग तुमच्या सॅलरी स्लिपवर ग्रॉस का लिहिलेलं असतं?"

प्रश्न रास्त होता. दोन्ही शब्द एकच आहेत.

मूळ लॅटिन शब्द 'ग्रोसुस', म्हणजे जाड, भरड. त्याचा फ्रेंचमध्ये 'ग्रो' झाला, तिथून तो इंग्रजीत आला. मराठीत याचा जवळजवळ जुळा भाऊ आहे: ढोबळ. ढोबळी मिरची म्हणजे जाड मिरची. ढोबळ हिशेब म्हणजे बारकाव्यात न शिरता केलेला. हिशेबाच्या पुस्तकात 'ग्रॉस प्रॉफिट'ला ढोबळ नफाच म्हणतात. ग्रॉस पगारही तसाच. प्रॉव्हिडंट फंड, प्रोफेशन टॅक्स वगैरे काहीच न कापलेला, अख्खा आकडा. (हातात पडतो तो नेट. त्याबद्दल न बोललेलं बरं.)

शाळेत आपण पाठ केलेलं आठवतं? १२ डझन म्हणजे १ ग्रोस, १४४ नग. हाही तोच शब्द. फ्रेंचमध्ये 'मोठं डझन' म्हणायचे, त्यातलं डझन गळालं आणि 'मोठं' तेवढं उरलं. बटणं, पेन्सिली अजूनही होलसेलमध्ये ग्रोसने मोजतात.

ग्रोसर म्हणजे किराणावालाही याच घरातला. 'ग्रो'ने, म्हणजे ठोक माल घेणारा-विकणारा तो ग्रोसर. लंडनमध्ये या व्यापाऱ्यांची ग्रोसर्स कंपनी १३४५ पासूनची. त्याआधी त्यांना 'पेपरर्स' म्हणत, म्हणजे मिरेवाले. ती काळी मिरी आपल्या मलबारची, अरब व्यापाऱ्यांच्या हातून पुढे गेलेली.

सगळा माल एकट्याने उचलून भाव चढवायचा, याला इंग्रजीत 'एन्ग्रॉस' करणं म्हणत. इंग्लंडमध्ये हा गुन्हा होता, १८४४ मध्ये तो कायद्यातून काढला गेला. आपल्याकडे फिकहच्या किताबांत ज्याला एहतिकार म्हणतात, साधारण तीच गोष्ट. आज 'एन्ग्रॉस्ड' म्हणजे फक्त एखाद्या गोष्टीत गढून गेलेला, मोबाइलमध्ये आमचा पोरगा असतो तसा.

मग यात घाण कुठून आली? जाडंभरडं ते अडाणी, असभ्य, हा अर्थ इंग्रजीत जुनाच आहे. कोर्टात 'ग्रॉस निग्लिजन्स' म्हणतात, म्हणजे डोळ्यांवर येईल असा ढळढळीत निष्काळजीपणा. पुढे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांनी हा शब्द किळसेसाठी वापरायला सुरुवात केली, टीव्हीने तो घरोघर नेला आणि आता तो आमच्या दस्तरखानापर्यंत पोचला.

मला खटकतं ते इतकंच. तोच पोरगा दादीच्या तोंडावर "किळसवाणं" कधी म्हणाला नसता, जीभ अडली असती. उसना शब्द वजन न कळताच तोंडातून सुटतो. नबी करीम (स.) यांनी कधी खाण्याला नाव ठेवलं नाही, आवडलं तर खाल्लं, नाही तर सोडून दिलं, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. पाये नाही आवडत? सोडून दे. जबरदस्ती नाही.

आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली. पायांचा रस्सा बोटांना चिकटतो तो जिलेटिनमुळे. जेली आणि मार्शमेलोच्या पाकिटावर आपण हलालचा शिक्का शोधतो तो याच जिलेटिनसाठी. तो बराच वेळ गप्प होता.

दुपारी अम्मीने विचारलंच, "सकाळी काय म्हणाला तो?"

मी म्हटलं, "दाट झालंय म्हणाला." लॅटिनच्या हिशेबाने खोटंही नव्हतं.

"मग सांगायचं ना," म्हणत ती पातेल्यात गरम पाणी घालायला उठली.