विद्यापीठाचा हिशेब : लेखांक ४
लेखाशीर्ष वाचताना

मागील लेखांकात विद्यापीठाचा अर्थसंकल्प व्यवस्थापन परिषदेकडून अधिसभेपर्यंत कसा जातो, हे पाहिले. मंजूर झालेली रक्कम प्रत्यक्ष खर्ची पडू लागली की तिची ओळख तिच्या आकड्यापेक्षा तिच्यावर टाकलेल्या संकेतांकाने होते. या संकेतांकाला लेखाशीर्ष म्हणतात. कार्यालयातील रोजच्या बोलण्यात त्याचे ‘हेड’ होते आणि ‘या हेडवर पैसे नाहीत’ हे वाक्य विभागप्रमुखांच्या चांगलेच परिचयाचे असते.

विद्यापीठाला राज्य शासनाचे अनुदान ज्या लेखाशीर्षातून येते, ते सहा पायऱ्यांचे आणि एकूण १५ अंकांचे असते. चार अंकी मुख्य शीर्ष, दोन अंकी उपमुख्य शीर्ष, तीन अंकी गौण शीर्ष आणि त्यानंतर प्रत्येकी दोन अंकांची उपशीर्ष, तपशीलवार शीर्ष व उद्दिष्ट शीर्ष अशी ही उतरंड आहे. २२०२ म्हणजे सामान्य शिक्षण, त्याखालील ०३ म्हणजे विद्यापीठीय व उच्च शिक्षण आणि त्याखालील १०२ म्हणजे विद्यापीठांना साहाय्य, एवढे वाचता आले की अशासकीय महाविद्यालयांना जाणारा पैसा, ज्याचे गौण शीर्ष १०४ आहे, त्यापासून विद्यापीठाचा पैसा वेगळा काढता येतो. या अंकांत मोठी हुशारी आहे ती पहिल्या अंकाची. शून्य किंवा १ असेल तर महसुली जमा, २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली खर्च, ६ किंवा ७ असेल तर कर्जे व आगाऊ रकमा. त्यामुळे शिक्षण, क्रीडा, कला व संस्कृती या क्षेत्राची जमा ०२०२ खाली, भांडवली खर्च ४२०२ खाली आणि कर्जे ६२०२ खाली सापडतात.

उतरंडीच्या टोकाला असलेले उद्दिष्ट शीर्ष पैसा कशावर खर्च होणार, ते सांगते. विद्यापीठांच्या बाबतीत तीन क्रमांक महत्त्वाचे आहेत: ३६ म्हणजे वेतनासाठीचे सहायक अनुदान, ३१ म्हणजे वेतनेतर सहायक अनुदान आणि ३५ म्हणजे भांडवली मत्तेच्या निर्मितीसाठीचे अनुदान. यांपैकी ३५ हा क्रमांक थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. ग्रंथालयाची इमारत उभारण्यासाठी शासनाने विद्यापीठाला अनुदान दिले, तर ती रक्कम ४२०२ खाली भांडवली खर्च म्हणून दिसेल, अशी वाचकाची सहज अपेक्षा असते. परंतु उभी राहणारी इमारत शासनाच्या मालकीची होत नसल्यामुळे शासकीय लेखांकनाच्या नियमांनुसार ते अनुदान शासनाच्या पुस्तकात महसुली खर्चच ठरते. तोच रुपया विद्यापीठाच्या पुस्तकात मात्र मत्ता म्हणून चढतो आणि त्यावर दरवर्षी घसारा आकारला जातो. एकच रक्कम दोन पुस्तकांत दोन वेगळ्या नावांनी वावरते आणि दोन्ही नोंदी बिनचूक असतात; हे ध्यानात न घेता शासनाचे व विद्यापीठाचे आकडे शेजारी मांडून घोटाळ्याचा संशय घेणारे वृत्तान्त तेवढे चुकीचे असतात.

विद्यापीठाच्या स्वतःच्या हिशेबात शासकीय लेखाशीर्ष जसेच्या तसे चालत नाही, कारण तेथे आधी निधी कोणता, हा प्रश्न येतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये सर्वसाधारण निधी, वेतन निधी, न्यास निधी, विकास व कार्यक्रम निधी आणि आकस्मिकता निधी असे वेगवेगळे निधी सांगितले आहेत आणि वेतन निधीतील रक्कम वेतन व भत्त्यांखेरीज अन्य कामासाठी वापरण्यास मनाई आहे. म्हणून विद्यापीठाच्या संकेतांकातून निधी, विभाग आणि खर्चाची बाब या तिन्ही गोष्टी कळाव्या लागतात. देणगीदाराने सुवर्णपदकासाठी ठेवलेल्या रकमेचे व्याज परीक्षा विभागाच्या स्टेशनरीवर खर्च झाले, तर बेरीज जुळेल, पण न्यासाचा हेतू मोडेल. तो मोडला आहे हे बेरजेतून नव्हे, संकेतांकातूनच उघड होते.

संकेतांकाची खरी कसोटी बिलाच्या पाठीवर लागते. रसायनशास्त्र विभागाच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या एकाच बिलात यंत्र, त्यात नमुना भरण्याच्या काचेच्या लहान कुप्या आणि वार्षिक देखभालीचे शुल्क अशा तीन बाबी असतील, तर यंत्र भांडवली खर्चात जाऊन जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरला चढले पाहिजे, कुप्या उपभोग्य साहित्यात आणि देखभाल महसुली खर्चात गेली पाहिजे. सगळे बिल यंत्राच्या शीर्षावर टाकणे सोपे असते, पण मग वर्षभरात फुटून जाणाऱ्या कुप्या ताळेबंदात मत्ता म्हणून राहतात. याहूनही सोपा आणि अधिक घातक मार्ग ‘इतर खर्च’ या शीर्षाचा आहे. अशा शीर्षाची गरज नाकारता येत नाही. मात्र जेथे ते वर्षागणिक फुगत जाते, तेथे नेमका संकेतांक शोधण्याचा कंटाळा तरी असतो किंवा तो शोधला जाऊ नये अशी इच्छा तरी असते.

अधिसभेत वार्षिक लेखे मांडले जातात तेव्हा सदस्यांनी एकूण बेरजेकडे वळण्याआधी ‘इतर खर्च’ या ओळीचे मागील तीन वर्षांचे आकडे मागून घ्यावेत. पुढील लेखांकात एका शीर्षावरची रक्कम दुसऱ्या शीर्षावर वळवण्याच्या, म्हणजे पुनर्विनियोजनाच्या नियमांचा विचार केला जाईल.