वॉर्डातली ने-आण

सकाळी पावणेसात. मे महिन्यात नागपुरात या वेळेलाही भिंतींतून कालचं ऊन बाहेर येत असतं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात कूलर रात्रभर चालले आहेत आणि त्यांच्यापुढे नातेवाईक चटया टाकून झोपले आहेत, कुणी गोंदियाचे, कुणी गडचिरोलीचे, कुणी थेट छिंदवाड्याहून आलेले. कूलरच्या वायरी, पाण्याचे पाइप, डब्यांच्या पिशव्या, चपला. आज याच व्हरांड्यातून सामान नेणारा रोबो चालवून बघायचा आहे. तो आमच्या कामाचा आहे की नाही, हे दुपारपर्यंत मेट्रन मॅडमना लिहून द्यायचं काम मेडिसिन वॉर्डची इनचार्ज म्हणून माझ्याकडे आलंय.

सात. नाईटच्या सिस्टरकडून ओव्हर घेते. अकरा नंबरचा सिकलसेलचा मुलगा रात्रभर कळांनी तळमळलाय, हिमोग्लोबिन उतरलंय, आज रक्त चढवायचं. अंगातलं पाणी कमी झालं की या मुलांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. विदर्भातल्या नर्सला म्हणून मे महिना दोन्हीकडून जड जातो, एकीकडे उष्माघात, दुसरीकडे सिकलसेल. चार नंबरच्या आजोबांना पाठीवर लाली आलीय, दर दोन तासांनी कूस बदलायची. हे सगळं एका मावशींच्या आणि एका मामांच्या भरवशावर. आणि त्या दोघांचा बराचसा दिवस वॉर्डाबाहेरच जातो, लॅब, फार्मसी, रक्तपेढी, सीएसएसडी (म्हणजे निर्जंतुक साहित्याचा विभाग) अशा फेऱ्या मारण्यात.

आठ. कंपनीचा इंजिनिअर मुलगा रोबो घेऊन येतो. कमरेच्या थोडं वर येईल एवढं पांढरं मशीन, त्यात कुलूपबंद कप्पे, वर स्क्रीन, खाली चाकं. त्याने काल रात्री ते एकदा मजल्यावर फिरवून घेतलं. फिरताना लेझरचे किरण सोडून ते भिंती-खांबांची अंतरं मोजतं आणि स्वतःचा नकाशा तयार करतं. माणूस आडवा आला तर कॅमेऱ्यातून ओळखतं, थांबतं, वळसा घेतं. काचेच्या दारावर मुलाने गुडघ्याएवढ्या उंचीवर अपारदर्शक पट्टी चिकटवली होती. "काचेतून किरण आरपार जातो मॅडम, त्याला दार दिसतच नाही," तो म्हणाला. मला हे पटलं. आमच्या व्हरांड्यात त्याला आणखी काय काय दिसणार नाही, याची यादी मी मनात करायला लागले.

साडेनऊ. राउंड संपतो न संपतो तोच सॅम्पलची घाई. जांभळा बल्ब सीबीसीचा, करडा शुगरचा, फिका निळा रक्त गोठण्याच्या तपासणीचा. प्रत्येकावर नाव आणि नंबर पुन्हा वाचून रॅक कप्प्यात ठेवला, पिन टाकला, रोबो निघाला. "कृपया रास्ता दीजिए," असं हिंदीत म्हणत तो चटयांपाशी थांबला. एका आजीने पिशवी जवळ ओढली आणि विचारलं, "कावून बाई, हे एकटंच कुठी चाललं?" सगळे हसले, वाट झाली. वाट करून देण्यात आपल्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. लिफ्टपाशी मात्र अडलं. आमची लिफ्ट जुनी, रोबोशी तिचं काही जोडलेलं नाही. लिफ्टमनने बटण दाबून त्याला आत घेतलं. लिफ्टच्या उंबऱ्यावर चाक आपटलं तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं, कारण सॅम्पल हिंदकळलं की लाल पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. त्या आकड्यावर उपचार ठरतात.

खरी अडचण पुढे होती. रोबो लॅबच्या दाराशी वेळेत पोचला आणि तिथेच उभा राहिला. काउंटरवर एकच टेक्निशियन, समोर रांग. स्क्रीनवर सामान घ्या अशी सूचना झळकत होती आणि उठून ते घ्यायला कुणी मोकळं नव्हतं. मावशी जातात तेव्हा बाजूच्या दाराने आत शिरतात, रॅक मशीनपाशी ठेवतात, "अकरा नंबरचं आधी लावा, रक्त चढवायचंय," असं सांगतात आणि रजिस्टरवर सही घेऊनच परततात. त्यांच्या फेरीतलं चालणं मशीन करू शकतं. पण सॅम्पल कुणाच्या तरी ताब्यात देण्याचं काम तसंच उरतं, आणि ते कोण करणार हे आधी ठरवायला हवं.

साडेअकरा. रक्ताची पिशवी तयार असल्याचा फोन. ही फेरी मी रोबोला दिली नाही. रक्तपेढीच्या फ्रिजमधून निघालेली पिशवी अर्ध्या तासात लावायला घ्यायची असते. लिफ्टपाशी दहा मिनिटं गेली तर ती कुणाकडून मागायची? मामा खोका घेऊन गेले आणि आले. मी आणि ड्यूटीवरच्या दुसऱ्या सिस्टरने पिशवीचा नंबर, गट, मुलाचं नाव मोठ्याने वाचून ताडून पाहिलं, मग थेंब सुरू केले. पहिली पंधरा मिनिटं मी खाटेपाशीच होते. कळांसाठी लिहिलेलं मॉर्फिनही मीच कुलुपातून काढलं, दोन सह्यांनी. असली औषधं कुठल्याही कप्प्यात ठेवून पाठवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

साडेबारा. चादरी, सलाइनचे खोके, सीएसएसडीतून आलेले ड्रेसिंगचे सेट. इथे रोबोने मन जिंकलं. वजन होतं, घाई नव्हती, आणि ढकलगाडी कुणाला ओढावी लागली नाही. अमेरिकेत डॅनबरी हॉस्पिटलमध्ये 1980 च्या दशकाच्या अखेरीस जोसेफ एंगेलबर्गर यांचा हेल्पमेट रोबो आला, तोही जेवणाचे ट्रे आणि औषधं नेण्यासाठीच. आपल्याकडे 2020 मध्ये मुंबईच्या पोदार रुग्णालयात गोलर नावाचा रोबो कोविडच्या रुग्णांना जेवण-पाणी आणि औषधं द्यायला आणला होता, आणि पुणे स्टेशनवर कॅप्टन अर्जुन प्रवाशांचं तापमान बघत होता. तेव्हा उद्देश एकच होता, माणूस माणसापासून लांब राहावा. पीपीई किटमध्ये घामाने निथळत काम केलेल्या प्रत्येकीला त्याचं मोल कळतं. आज मला नेमकं उलटं हवं आहे. रोबो चादरी आणत होता तेवढ्या वेळात मावशींनी चार नंबरच्या आजोबांची कूस बदलली, पाठ पुसली, चमच्याने ताक पाजलं. एरवी अकराला करायचं ते काम रोज एकवर ढकललं जातं, आणि पाठीवरच्या लालीची जखम होते ती अशीच.

दीड. मावशी हात धुता धुता विचारतात, "सिस्टर, हे आल्यावर आमची गरज राहीन का?" त्या कंत्राटी आहेत, कंत्राट दरवर्षी नवं होतं. मी त्यांना पोकळ दिलासा दिला नाही. काय लिहिणार आहे ते वाचून दाखवलं.

दोन. फॉर्मवर चौकटी होत्या, चांगलं, बरं, वाईट अशा. मी मागच्या पानावर लिहिलं. कापड, सलाइन, सीएसएसडी, जेवणाच्या गाड्या यांसाठी रोबो घ्यावा. सॅम्पलसाठी घ्यायचा तर लॅबमध्ये कप्पा उघडून सही करणारा माणूस नेमून द्यावा आणि आधी लिफ्टचा उंबरा सपाट करावा. रक्त, मॉर्फिन, तातडीचं एबीजी (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचं सॅम्पल) माणसाच्याच हातात राहावं. आणि वाचलेल्या फेऱ्यांचा वेळ मावशींच्या ड्यूटीत रुग्णसेवा म्हणून नोंदवावा, त्यावरून एकही जागा कमी करू नये.

मेट्रन मॅडमनी वाचलं. शेवटच्या ओळीवर त्या थांबल्या, "हे वर पाठवते, पण जोर तुम्हालाच लावावा लागेल," म्हणाल्या. मग विचारलं, चाचणी पूर्ण झाली असं समजायचं का. मी नाही म्हटलं. रात्री फार्मसीत एकच माणूस असतो, लिफ्टमन नसतो, व्हरांडा माणसांनी भरलेला असतो आणि मावशी दोन वॉर्डांना मिळून एक. या मशीनची गरज रात्री जास्त आहे. इंजिनिअर मुलाने बॅटरी बघितली, थांबायला तयार झाला. गुरुवारची नाईट मी माझ्या नावावर लावून घेतली आहे.