कोळंबी गोठवायला किती वीज लागते?

रत्नागिरी किंवा तळोजाच्या मासळी कारखान्यात बर्फातून आलेली एक किलो कोळंबी उणे १८ अंशांपर्यंत गोठवायची, तर तिच्यातून साधारण ३०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. त्यातली बहुतेक उष्णता कोळंबीतल्या पाण्याचा बर्फ होतानाच निघते. विजेच्या हिशेबात ही जेमतेम ०.०८ युनिट, आणि पद्धत कोणतीही असो, हा आकडा बदलत नाही. तरीही एका पद्धतीला दुसरीच्या चार-पाच पट वीज लागते. कारणं दोन : उष्णता किती खालच्या तापमानाला उचलली, आणि उचलता उचलता आपणच किती नवी उष्णता आत ओतली. यंत्राची किंमत आणि वेग यांच्याआधी हे दोन प्रश्न विचारायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

ब्लास्ट फ्रीझरमध्ये उणे ३५-४० अंशांची हवा मोठ्या पंख्यांनी मालावरून फिरवतात. हवा उष्णता सावकाश उचलते, म्हणून जोर लावावा लागतो. आणि पंख्यांनी खाल्लेली वीज शेवटी त्याच खोलीत उष्णता होऊन साठते. एकाच पंख्यासाठी दोनदा पैसे जातात : तो फिरवायला आणि त्याची उष्णता बाहेर काढायला. प्लेट फ्रीझरला हे पंखे लागतच नाहीत. ट्रेमध्ये कोळंबी रचून पाणी ओततात आणि आतून थंड अमोनिया खेळणाऱ्या धातूच्या प्लेटांमध्ये ते ट्रे दाबून धरतात. क्लॅरेन्स बर्डसाय यांनी १९२०च्या दशकात अमेरिकेत हेच तत्त्व मासे गोठवायला वापरलं. धातूचा थेट स्पर्श असल्यामुळे तेवढ्याच वेळात माल गोठवायला अमोनिया कमी थंड असला तरी चालतो, आणि तो एक अंश जरी वर ठेवता आला तरी कॉम्प्रेसरची दोन-तीन टक्के वीज वाचते.

तिसरी पद्धत द्रव नायट्रोजनने गोठवण्याची. तिचा खर्च मात्र कारखान्याच्या मीटरवर दिसत नाही, आणि फसगत इथेच होते. हवेतून नायट्रोजन वेगळा करून द्रवरूप करायला मोठ्या प्रकल्पातही किलोमागे अर्धा युनिट जातो, आणि किलोभर कोळंबीला किमान किलोभर नायट्रोजन लागतो. प्लेट फ्रीझरचं काम याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास भागतं. उणे १८ अंश हवे असताना उणे १९६ अंशांची थंडी विकत घेण्याचा हा भुर्दंड आहे.

यावर कारखानदारांचा आक्षेप वजनदार आहे. ब्लास्टच्या वाऱ्यात उघडा माल सुकतो. कोळंबी ४०० रुपये किलो धरली तर एक टक्का घट म्हणजे चार रुपये. अर्ध्या युनिटची किंमतही जवळपास तेवढीच. नायट्रोजनमध्ये माल झटपट गोठतो, घट कमी होते, बर्फाचे स्फटिक बारीक राहतात. हे सगळं मान्य. पण प्लेटमधल्या लादीवर पाण्याच्या बर्फाचं कवच असतं, त्यामुळे तीही फारशी सुकत नाही. म्हणून नायट्रोजनची तुलना फक्त ब्लास्टशी करणं अपुरं आहे. ग्राहकाला लादीऐवजी एकेक सुटी गोठवलेली, म्हणजे आयक्यूएफ कोळंबी हवी असेल तर प्लेट निरुपयोगी, हे खरं. तिथेही नायट्रोजनने फक्त वरचा थर कडक करून पुढचं गोठवणं साध्या यंत्रावर सोपवता येतं. आणि जिथे ब्लास्टच आहे, तिथे पंख्यांना व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, बसवता येतं. माल बाहेरून गोठला की आतली उष्णता सावकाशच निघते, मग वारा कितीही सोडा. त्या वेळी पंख्याचा वेग निम्मा केला तर त्याला लागणारी वीज एक-अष्टमांशावर येते.