सुरक्षा-किल्ली हरवली तर खात्याचे काय?

बँक खात्यासाठी ओटीपीपेक्षा भक्कम कुलूप म्हणून हल्ली ‘हार्डवेअर सिक्युरिटी की’चे नाव घेतले जाते. पेनड्राइव्हसारखी ही छोटी किल्ली संगणकाला जोडावी किंवा मोबाइलला टेकवावी लागते. नोंदवलेल्या संकेतस्थळाचा पत्ता जुळल्याशिवाय ती प्रतिसाद देत नसल्याने बनावट संकेतस्थळाचा डाव फसतो. गुगलने २०१७ पासून ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना ती बंधनकारक केली. त्यानंतर एकाचेही कार्यालयीन खाते फिशिंगने बळकावले गेले नाही, असे कंपनीने २०१८ मध्ये सांगितले.

तरीही सामान्य खातेदाराची वाट सोपी नाही. भारतातील बहुतेक बँका वैयक्तिक बचत खात्यासाठी ही किल्ली स्वीकारत नाहीत. यूपीआयची रचना तर मुख्यतः सिमकार्ड, मोबाइल आणि पिन यांवर उभी आहे.

सोय झालीच, तरी व्यवहारातील अडचणी उरतात. समजा, दूधगंगेकाठच्या सदलग्यात वडील शेती करतात आणि मुलगा गोव्यात नोकरीला आहे. उसाचे बिल गावातील शाखेच्या संयुक्त खात्यात जमा होते. खताचे आणि मजुरीचे पैसे दोघेही आपापल्या ठिकाणाहून वळते करतात. अशा वेळी दोघांना दोन किल्ल्या आणि प्रत्येकाची एक राखीव, अशा चार किल्ल्या लागतील. चांगल्या किल्लीला काही हजार रुपये पडतात आणि किल्लीवाल्याकडून तिची नक्कल करून मिळत नाही. मुलाची किल्ली हरवली आणि राखीव किल्ली नसली, तर ओळख पटवण्यासाठी चोर्ला घाट चढून बेळगावमार्गे सदलग्याची शाखा गाठण्याची पाळी येऊ शकते.

हा फेरा टाळण्यासाठी बँकेने ओटीपीवर प्रवेश दिला, तर तीच पळवाट भामट्यालाही खुली होते. म्हणजे पुढच्या दाराला पोलादी कुलूप आणि मागच्या दाराला नुसती कडी! शिवाय ‘डिजिटल अटके’च्या धाकाने खातेदार स्वतःच पैसे पाठवतो, तेव्हा कोणतीही किल्ली त्याला अडवत नाही.

म्हणून खरेदीपूर्वी बँकेला तीन प्रश्न विचारावेत: किल्ली चालते का, दोन नोंदवता येतात का आणि हरवल्यास प्रवेश कसा मिळतो? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत व्यवहाराची मर्यादा कमी ठेवावी. फसवणूक झाल्यास तत्काळ बँकेला कळवून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.