खोटी पेटी, खरी भीती

कॅपकॉमचा ‘रेझिडेंट ईव्हिल’ हा भीतीदायक व्हिडिओ गेम १९९६ साली आला, तेव्हापासून त्यातल्या सामानाच्या पेटीची टिंगल होत आली आहे. खेळातल्या वाड्याच्या एका टोकाला पेटीत ठेवलेली बंदूक दुसऱ्या टोकाच्या पेटीत कशी निघते? नायक ख्रिसकडे सहाच वस्तू मावतात आणि चिमुकली किल्लीही बंदुकीइतकीच जागा अडवते, हे कसं? आक्षेप रास्त आहे. पण २००२ च्या ‘रेझिडेंट ईव्हिल झीरो’त ही पेटी काढून टाकली गेली. सामान हवं तिथे जमिनीवर टाका, लागेल तेव्हा परत येऊन उचला. वास्तवाला धरून झालं खरं, पण भीती वाढली नाही, हेलपाटे वाढले. कारण भीती झोंबीच्या सडक्या चेहऱ्यापेक्षा त्या सहा जागांच्या हिशेबात होती: बंदुकीच्या गोळ्या घ्याव्यात की औषधी पाला, आणि पुढे किल्ली सापडली तर ती ठेवायची कुठे?

यावर कोणी म्हणेल, हुबेहूब दृश्य आणि आवाजाशिवाय आज कोण घाबरणार? क्रिएटिव्ह असेंब्लीच्या ‘एलियन: आयसोलेशन’ने (२०१४) १९७९ च्या मूळ चित्रपटातल्या अंतराळयानाचं रूप बटणांसकट उभं केलं, हे खरंच. पण त्यातला परग्रहावरचा प्राणी खऱ्या शिकाऱ्यासारखा वागला असता, तर खेळ पाच मिनिटांत आटोपला असता. म्हणून त्याला दोन मेंदू दिले आहेत. एकाला खेळाडूचा ठावठिकाणा कायम ठाऊक असतो, पण तो दुसऱ्याला फक्त शोधाची दिशा सुचवतो. दुसरा स्वतःच्या डोळ्या-कानांवरच चालतो. प्राणी फार वेळ जवळपास घुटमळला, की पहिला मेंदू त्याला छतातल्या हवेच्या नळ्यांमध्ये परत धाडतो. ही चक्क लबाडी आहे, आणि अंगावर येणारा ताण तिच्यातूनच येतो.

नियम एकदा कळले की भीती संपते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र मानसशास्त्रातल्या प्रयोगांत असं दिसतं, की पूर्वसूचना देऊन बसणाऱ्या विजेच्या झटक्यापेक्षा केव्हाही बसू शकणारा झटका माणसाला जास्त काळ अस्वस्थ ठेवतो. झटका बसणार हे दोन्हीकडे माहीत असतं. माहीत नसते ती वेळ. ‘आयसोलेशन’मध्ये हालचाल टिपणाऱ्या यंत्राची टिकटिक त्या प्राण्यालाही ऐकू जाते, हा नियम खेळाडूला पाठ असतो. तरी यंत्र बाहेर काढावं की नाही, हा पेच सुटत नाही. अर्थात त्याच बोळात दहाव्यांदा मेल्यावर भीतीची जागा वैताग घेतो. तिथे कितीही सुंदर चित्रण कामी येत नाही. त्यावर खेळ जतन करणं हा उपाय, पण तोही इथे कठोर आहे. खेळ जतन करायला भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालून थांबावं लागतं, आणि तेवढ्या वेळात प्राणी मागून येऊन मारू शकतो.