ना हुतात्मा, ना युद्धबंदी

युद्धाचा हिशेब मांडण्याची राष्ट्रांची एक ठरलेली रीत असते. किती भूमी जिंकली, किती विमाने पाडली, किती सैनिक कामी आले, याचे आकडे तत्परतेने प्रसिद्ध होतात. परंतु एक रकाना असा असतो की, ज्याची बेरीज कधीच पुरी होत नाही. तो म्हणजे बेपत्ता सैनिकांचा. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे नाव गेली अर्धशतकाहून अधिक वर्षे याच रकान्यात पडून आहे.

५ डिसेंबर १९७१ रोजी, युद्धास तोंड फुटून जेमतेम दोन दिवस झाले असता, भारतीय हवाई दलाच्या ३२ व्या स्क्वाड्रनचे तांबे सुखोई-७ विमान घेऊन पश्चिम पाकिस्तानातील शोरकोट रोड विमानतळावर चालून गेले. विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात त्यांचे विमान सापडले आणि ते परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. विवाहास तेव्हा दीड वर्षच झाले होते. युद्धाच्या त्याच दिवसांत ढाक्याच्या एका वृत्तपत्राने जिवंत पकडलेल्या पाच भारतीय वैमानिकांची बातमी दिली. तीत तांबे यांच्याशी मिळतेजुळते नाव होते. त्या एका नावावर एका घराची आशा पुढे तगून राहिली.

ही आशा निव्वळ भाबडी होती, असे म्हणता येणार नाही. शत्रूच्या मुलखात विमान कोसळले म्हणजे वैमानिक दगावलाच, असे होत नाही. दिलीप परुळकर हे दुसरे मराठी वैमानिक याच युद्धात आणि याच जातीच्या विमानातून पाडले गेले. रावळपिंडीच्या छावणीतून ऑगस्ट १९७२ मध्ये दोन सहकाऱ्यांसह ते निसटले, अफगाण सरहद्दीजवळ पुन्हा पकडले गेले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मायदेशी परतले. एकाचा परतीचा मार्ग खुला झाला, दुसऱ्याचा ठावठिकाणाही कळला नाही.

१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे युद्ध थांबताच बंदी विनाविलंब मुक्त करावयाचे असतात, त्यांची नावे कळवावयाची असतात. भारताने ९३ हजार पाकिस्तानी बंदी परत धाडले. आपले जे परतले नाहीत त्यांच्यापैकी चाळीस जणांची यादी १९७९ साली लोकसभेत सादर झाली. पुढे चोपन्न हा आकडा रूढ झाला. १९८३ व २००७ साली आप्तांनी पाकिस्तानातील तुरुंग धुंडाळले. हाती काही लागले नाही. असे बंदी आमच्याकडे नाहीत, हे पाकिस्तानचे उत्तर कायम आहे. प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यावे, असा आदेश गुजरात उच्च न्यायालयाने २०११ साली दिला, त्यास सर्वोच्च न्यायालयाने पुढील वर्षी स्थगिती दिली. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची बंद्यांविषयीची समितीही २०१३ नंतर थंडावली.

अशा अनिश्चिततेचे दुःख मराठी मनाला नवे नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. त्या आशेच्या आधारावर तोतयाचे बंड माजले व पेशवाईस ते निस्तरावे लागले. सात वर्षे खबर नसलेला मनुष्य मृत मानावा, असे कायदा म्हणतो. बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करावे, असे शास्त्र सांगते. मालमत्तेचे व्यवहार या तोडग्यांनी सुटतात. परंतु मनाला हवा असतो तो पुरावा. तो देणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे, कारण सैनिकाला सीमेपार धाडणारी तीच असते.

येथे एक कटू सत्य स्वीकारले पाहिजे. हे सैनिक आज हयात असण्याची शक्यता अत्यल्प आहे. म्हणून प्रश्न मिटतो काय? उलट त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. मागणी सुटकेची नसून माहितीची आहे. विमानाचे अवशेष कोठे पडले, दफन कोठे झाले, चौकशीची कागदपत्रे काय सांगतात, हे कळविल्याने कोणत्याही राष्ट्राची सुरक्षा धोक्यात येत नाही. २००८ च्या करारानुसार उभय देश वर्षातून दोनदा बंद्यांच्या याद्या देत आले आहेत. त्याच वाटेने जुनी दप्तरे उघडता येतील. आपल्या सरकारनेही स्वतःच्या नस्त्या कुटुंबीयांपुढे ठेवण्यास आरंभ करावा. घरच्या कागदांसाठी शेजाऱ्याची संमती लागत नाही.

वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे आणि लष्कराचे दारूगोळ्याचे मोठे कोठार असलेले पुलगावही आहे. युद्ध अटळ मानणाऱ्याला आणि ते त्याज्य मानणाऱ्याला निदान एका गोष्टीवर एकमत होण्यास हरकत नसावी. जो परतला नाही त्याचे काय झाले, हे त्याच्या माणसांना सांगितलेच पाहिजे. पुष्पचक्रे वाहणे सोपे आहे. उत्तर देणे अवघड आहे, आणि देणे आहे ते उत्तराचेच.