नळीवरचं साल आणि घरातली गोष्ट



नाशकात पिस्तुलाचा विषय निघाला की एकच तारीख आठवते, २१ डिसेंबर १९०९. विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'चा प्रयोग होता आणि तिथे अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पिस्तूल ब्राउनिंगचं होतं. लंडनहून पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक, आणि ती सगळी चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या खोट्या तळातून हिंदुस्थानात आली, हे आपल्याला माहीत आहे. कशावरून माहीत आहे? पिस्तुलाच्या लोखंडावरून नव्हे. माणसांनी दिलेल्या साक्षीवरून. हा फरक जरा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आजचा विषय त्याहून अर्धशतक मागचा, म्हणजे अमेरिकेत बनलेली टोपीची रिव्हॉल्व्हर. ठासणीची बंदूक तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. तेच तत्त्व इथे सहा घरांच्या फिरत्या नळकांड्यात बसवलेलं. प्रत्येक घरात पुढून दारू आणि शिशाची गोळी भरायची, नळीखालच्या दांड्याने ठासायची आणि मागच्या बारीक टोकावर तांब्याची इवलीशी टोपी चढवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते. दिवाळीतली टिकली आठवा, म्हणजे झालं.

आता समजा, वाड्याच्या माळ्यावर असं एक हत्यार सापडलं. ओळखायचं कसं? आधी आकार बघावा. नळकांड्याच्या वरची बाजू उघडी असेल आणि नळी एका आडव्या पाचरीने अडकवलेली असेल, तर ती बहुधा कोल्टच्या घडणीची. नळकांड्यावरून लोखंडी पट्टी गेलेली असेल, तर रेमिंग्टनकडे संशय जातो. इथवर सोपं आहे. लोक चुकतात ते पुढे, अक्षरं वाचताना.

१८५१ च्या कोल्ट नेव्हीचं उदाहरण घेऊ. तिच्या नळकांड्यावर जहाजांच्या लढाईचं चित्र कोरलेलं असतं आणि खाली १६ मे १८४३ ही तारीख. वाचणारा लगेच म्हणतो, १८४३ ची आहे! अहो, ती तारीख टेक्सासच्या आरमाराने मेक्सिकोशी केलेल्या लढाईची. हे मॉडेल जवळपास १८७३ पर्यंत बनत होतं आणि तारीख तीच कोरली जात होती. नळीवर 'न्यूयॉर्क' असा पत्ता दिसतो, पण कारखाना होता कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला. रेमिंग्टनवर १४ सप्टेंबर १८५८ असं असतं. म्हणून सगळं जग तिला '१८५८ ची रेमिंग्टन' म्हणतं. प्रत्यक्षात ती तारीख पेटंटची आहे. 'न्यू मॉडेल' अशी अक्षरं असलेली रेमिंग्टन १८६३ च्या सुमारास बनू लागली.

आमच्या न्यायशास्त्रात धूर दिसला की अग्नीचं अनुमान करतात, कारण धूर अग्नीशिवाय नसतो. पेटंटच्या तारखेवरून असंच एक पक्कं अनुमान निघतं, की वस्तू त्या तारखेच्या आधीची नाही. बस, एवढंच. त्या सालची आहे, हे त्यातून निघत नाही. तारखेने खालची मर्यादा मिळते, वरची मिळत नाही.

वरची मर्यादा जवळ आणायला नंबर उपयोगी पडतो. कोल्टच्या सांगाड्यावर, नळीवर, चापाखालच्या कड्यावर आणि मुठीच्या पट्टीवर नंबर ठोकलेला असतो. कोणत्या वर्षी साधारण कुठवर नंबर गेले, याचे तक्ते अभ्यासकांनी केले आहेत. पण आधी सगळे नंबर जुळतात का, ते बघावं. जुळत नसतील तर दोन-तीन हत्यारांचे भाग एकत्र आले आहेत, मग साल कुठल्या भागाचं धरणार? शिवाय कोल्टचा लंडनला १८५३ ते १८५६ एक कारखाना होता. तिथे नंबर पुन्हा १ पासून सुरू झाले. म्हणजे एकाच नंबरच्या दोन नेव्ही असू शकतात. नळीवर 'लंडन' आहे का, हे आधी वाचायचं आणि मग तक्ता उघडायचा. आणि एक गोष्ट. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत याच्या हुबेहूब प्रतिकृती बनतात. त्यांच्यावर इटालियन चाचणीचे शिक्के असतात. ते जिथे असतात तिथे घासल्याच्या खुणा दिसल्या, तर सावध व्हावं.

घरी सापडलं तर तीन पथ्यं पाळा. भरलेलं आहे असंच समजा, कारण ठासलेली दारू कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही पेटू शकते. घोडा ओढून बघू नका. घासून चकचकीत करू नका, नंबर आणि शिक्के त्यातच जातात. आणि जुनं आहे म्हणून परवाना नको, असं मानू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ जुन्या घडणीच्या हत्याराला सूट देतं खरं, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. पोलिसांना कळवा आणि त्यांच्यामार्फत जाणकाराला दाखवा.

आता सुरुवातीचा मुद्दा. घरात गोष्ट असते की हे पणजोबांनी सत्तावन सालात एका साहेबाकडून हिसकावलं. त्या काळी इंग्रज अधिकारी कोल्ट बाळगत, त्यामुळे गोष्ट अशक्य नाही. पण लोखंड फार तर एवढंच सांगेल की हे १८५७ च्या आधी बनलं होतं की नंतर. नंतर बनलं असेल तर गोष्ट मोडली. आधी बनलं असेल तर ती सिद्ध झाली असं नाही, फक्त टिकली. कोणाच्या हातात होतं, हे सांगायला शब्द लागतो. पत्र, पावती, वहीतली नोंद, माणसाची साक्ष. ब्राउनिंगचं आपल्याला कळलं, ते लोक न्यायालयात बोलले म्हणून.

तेव्हा घरात आजी असेल, तर नंबर शोधण्याआधी तिला विचारा, हे तिने पहिल्यांदा कधी पाहिलं आणि कोणाकडून काय ऐकलं. तारीख घालून लिहून ठेवा. लोखंड आणखी शंभर वर्षं थांबेल. आजी थांबणार नाही.